नव्या मास्तरांची बनवाबनवी



'चोरटी आवड' हा शब्द आज आम्ही पुन्हा पुन्हा वापरणार आहोत, तेव्हा आधी त्याचा अर्थ सांगून मोकळे होतो. चारचौघांत ज्या सिनेमाचं नाव घेण्याआधी माणूस घसा खाकरतो आणि घरी दार लोटून जो विसाव्यांदा बघतो, ती त्याची चोरटी आवड. कोणाची 'धूमधडाका' असते, कोणाची 'झपाटलेला', कोणाची दादा कोंडक्यांची. बऱ्याच जणांची 'अशी ही बनवाबनवी' असते. आता तुम्ही म्हणाल, 'बनवाबनवी' आवडते हे सांगायला आज कोण लाजतं? अशोक सराफांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली, म्हणजे या हसण्यावर सरकारी शिक्कासुद्धा बसला. खरं आहे. पण एक जमात अजून लाजते. ती आमची, शिक्षकांची. आणि आमच्यातही जो नवा आहे, तो सगळ्यात जास्त.

आमचं आजचं म्हणणं थोडक्यात असं आहे, की ही लाज सिनेमाची नाही, खुर्चीची आहे. आणि जिथे खरोखर लाज वाटायला हवी, तिथे मात्र ती वाटत नाही. या दोन वाक्यांच्या मधलं अंतर आपल्याला तासाभरात चालून जायचंय.

सुरुवात नव्या शिक्षिकेच्या दिवसापासून करू. कारण सिनेमा रात्रीचा, पण तो दिवसभराच्या थकव्यावर बघितला जातो. दिवस कळला नाही तर रात्रही कळणार नाही.

समजा, ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षणसेवक म्हणून लागली आहे. शिक्षणसेवक ही योजना २००० सालची. पहिली तीन वर्षं पगार नाही, मानधन. २०२३ मध्ये ते वाढून प्राथमिकला १६,००० आणि माध्यमिकला १८,००० रुपये झालं. त्यात गावातल्या खोलीचं भाडं, घरी पाठवायचे पैसे, आणि गाडीचं पेट्रोल. सकाळी परिपाठ. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष. मग हजेरी. हजेरी घेताना एकाच बाकावरून दोन वेगवेगळ्या आवाजांत 'हजर' ऐकू येतं आणि आवाज दोन असले तरी मूल एकच असतं. दारात कोणीतरी 'मेयाकमिन्मॅडम' असा एक अखंड शब्द उच्चारतं, ज्याचे तुकडे कुठे पडतात हे त्या मुलालाही ठाऊक नसतं. मग टाचण, मग तास, मग पोषण आहार. खिचडी शिजली की आधी चव घ्यायची आणि चव घेतल्याची नोंद करायची. खिचडीपेक्षा नोंद महत्त्वाची. दुपारी व्हॉट्सअॅपवर निरोप येतो, अमुक माहिती आजच्या आज भरा. शिक्षण हक्क कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमात लिहिलंय, की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला शिक्षणाबाहेरची कामं देऊ नयेत. पण 'माहिती भरणं' हे शिक्षणाच्या आतलं की बाहेरचं, यावर कायदा मौन पाळतो. हे ज्यांना विनोदातून समजून घ्यायचं असेल, त्यांनी रमेश इंगळे उत्रादकरांची 'निशाणी डावा अंगठा' वाचावी. प्रौढ साक्षरता अभियान कागदावर कसं चालतं आणि ते चालवता चालवता मास्तरांचं काय होतं, ते तिथे आहे. वाचताना आधी हसू येतं आणि मग गप्प व्हायला होतं.

पण या सगळ्यात नव्या शिक्षिकेला सर्वांत जास्त दमवतं ते काम कुठल्याच रजिस्टरला लागत नाही. ते काम म्हणजे 'बाई' होणं. वय तेवीस-चोवीस. कालपर्यंत ती मागच्या बाकावर बसून हसत होती. आज फळ्यापुढे उभी आहे आणि वर्गात कोणी हसलं की तिनं रागावायचं आहे. आवाज अर्धी पट्टी खाली आणायचा. चालताना घाई करायची नाही. एखाद्या मुलानं खरोखर विनोदी काहीतरी उत्तर दिलं, तरी ओठ आवळून फळ्याकडे वळायचं आणि खडूनं उगीच एक रेघ ओढायची. आमच्या शिक्षकवर्गाला ही रेघ चांगली माहीत आहे. (हशा) हसू आवरण्यासाठी फळ्यावर ओढलेली ती रेघ म्हणजे नव्या मास्तरांचं पहिलं लेखन.

म्हणजे बघा, नवं शिकवणं हे आधी वेषांतर आहे. हा शब्द लक्षात ठेवा, शेवटी उपयोगी पडणार आहे.

हे वेषांतर काही आजचं नाही. मराठीत नव्या मास्तरची सर्वांत सच्ची गोष्ट १९५५ साली येऊन गेली. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. औंध संस्थानातला राजाराम विठ्ठल सौंदणीकर हा पोरसवदा मास्तर धनगरांच्या वाडीवर एकशिक्षकी शाळा चालवायला जातो. तिथे शाळा आहे पण मुलं नाहीत, कारण मुलं मेंढरांमागे आहेत. मास्तरचं रोजचं काम म्हणजे शिकवणं कमी आणि बाकीचंच फार. कोणाचं पत्र वाचून दाखव, कोणाचा अर्ज लिही, कोणाचं भांडण मिटव. वाडीचा म्हातारा कारभारी त्याला आधार देतो. आणि मग त्याच कारभाऱ्याचं मन, मास्तरनं अंजीसाठी आणून दिलेल्या एका चोळीवरून, मास्तरबद्दल कलुषित होतं. मास्तरच्या मनात काही नव्हतं. पण गावाच्या नजरेला मास्तरच्या मनाशी देणंघेणं नसतं. मास्तरनं काय करू नये, याची यादी मास्तर येण्याआधीच तयार असते.

'बनगरवाडी'चं मोठेपण आम्हाला इथे दिसतं, की माडगूळकर या पोराला पुतळा करत नाहीत. तो घाबरतो, एकटा पडतो, त्याला घरची आठवण येते. तो तालीम बांधायचं मनावर घेतो, तीही काही क्रांती म्हणून नाही. गावाला काहीतरी मिळून करता यावं म्हणून. आणि शेवटी दुष्काळ येतो आणि वाडीच उठून जाते. मास्तर जिंकत नाही, हरतही नाही. तो तिथे होता, एवढंच. नव्या शिक्षकाच्या हातात द्यावं असं यापेक्षा चांगलं पुस्तक आम्हाला सुचत नाही.

पण मराठी मनानं आपल्या मास्तरसाठी बनगरवाडीची शाळा निवडली नाही. त्यानं चौथरा निवडला. आणि त्या चौथऱ्याची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे १९७२ सालचा 'पिंजरा'.

कथा तुम्हाला माहीत आहे, तरी आमच्या विषयाच्या बाजूनं एकदा सांगतो. डॉ. श्रीराम लागूंनी केलेले गुरुजी आदर्श आहेत. गावात तमाशाचा फड येतो, गुरुजी त्याला विरोध करतात. फडातली चंद्रकला, म्हणजे संध्या, त्यांना खाली ओढायचा पण करते, आणि ओढते. गुरुजी गुंततात. पुढे परिस्थिती अशी फिरते, की गावाला वाटतं गुरुजींचा खून झाला. गाव त्यांचा पुतळा उभारतं. आणि जिवंत गुरुजी तमाशाच्या फडाबरोबर हिंडत राहतात. शेवटी त्यांच्यावर खटला चालतो, तो कशासाठी? गुरुजींच्या खुनासाठी! ते तोंड उघडत नाहीत. कारण खरं सांगितलं तर पुतळा पडेल. पुतळा राहावा म्हणून माणूस मरायला तयार होतो.

चोरट्या आवडीची याहून भयंकर शिक्षा मराठीत कोणाला झालेली नाही.

'पिंजरा'चं मूळ जर्मन आहे. योझेफ फॉन स्टर्नबर्गचा १९३० सालचा 'द ब्लू एंजल', आणि त्याच्या मागे हाइनरिख मान यांची १९०५ सालची कादंबरी. तिथला प्राध्यापक नर्तिकेकडे का जातो? आपल्या विद्यार्थ्यांना पकडायला. पोरांकडे तिची चित्रं सापडतात म्हणून हा पाळत ठेवायला जातो आणि स्वतःच अडकतो. कादंबरीचं नावच मुळी वर्गातल्या विनोदातून आलं आहे. मास्तरचं आडनाव 'रात'. पोरांनी त्याला पुढे दोन अक्षरं जोडून 'उनरात' केलं. जर्मनमध्ये त्याचा अर्थ कचरा, घाण. म्हणजे सबंध शोकांतिका एका टोपणनावातून सुरू होते. आणि संपते कुठे? विदूषक झालेला तो म्हातारा रात्री आपल्या जुन्या वर्गात परततो आणि टेबल घट्ट धरून मरतो.

आता दोन्ही शेवट शेजारी ठेवा. जर्मन मास्तर टेबलाला धरून मरतो, म्हणजे वर्गाला धरून. मराठी मास्तर पुतळ्यासाठी मरतो, म्हणजे गावाच्या कल्पनेसाठी. आमच्या मते 'पिंजरा' इथे मूळ सिनेमापेक्षा एक पाऊल पुढे गेला आहे. मास्तरचा मारेकरी नर्तिका नाही, पुतळा आहे, हे या सिनेमानं दाखवून ठेवलं. पण आपण ते बघितलं का? आपण 'बाईच्या नादानं गुरुजी वाया गेले' एवढंच बघितलं.

याला पुरावा हवा तर एक वर्ष मागे जा. १९७१ साली दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' आला. त्यातला भोळा नाम्याही तमाशाच्या नादी लागतो. आईच्या शिव्या खातो. पण तिथे कोणी मरत नाही, थिएटर हसून लोळतं. दोन सिनेमे, दोन वर्षं, आवड एकच. फरक कशाचा? नाम्या मास्तर नाही, एवढाच. म्हणजे गुन्हा तमाशा बघण्यात नाही, पदात आहे. सुरुवातीला आम्ही म्हटलं ना, लाज खुर्चीची आहे, ते यासाठी.

आणि आता गंमत ऐका. 'पिंजरा'तल्या ज्या लावण्यांनी गुरुजींचा घात केला, त्या कोणी लिहिल्या? जगदीश खेबुडकरांनी. संगीत राम कदमांचं. आणि खेबुडकर पेशानं काय होते? शिक्षक. (हशा) पडद्यावरचा मास्तर लावणी ऐकून बरबाद झाला आणि ती लावणी लिहिणारा मास्तर मराठी माणसाच्या घराघरांत पोचला. एवढं एक उदाहरण या सगळ्या ढोंगाला पुरेसं आहे.

दुसरंही देतो. आचार्य अत्रे पुण्यात कॅम्पातल्या शाळेचे मुख्याध्यापक होते. 'नवयुग वाचनमाले'नं मराठी पाठ्यपुस्तकाला त्यांनी नवा चेहरा दिला. त्यांच्याच लेखणीतून १९३८ साली 'ब्रह्मचारी' आला, ज्यात मीनाक्षी शिरोडकरांनी पोहण्याचा पोशाख घालून गाणं म्हटलं आणि महाराष्ट्रात गदारोळ झाला. आणि त्याच अत्र्यांनी १९५३ मध्ये 'श्यामची आई' काढला, ज्याला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. दोन्ही एकाच माणसाचे. अत्र्यांना दोन कप्पे करावे लागले नाहीत. कप्पे नंतर आम्ही केले. 'श्यामची आई' दिवाणखान्यात आणि 'ब्रह्मचारी' माळ्यावर.

कप्पे केले की काय होतं, हे बघायला उत्तरपत्रिका तपासा. 'माझा आवडता चित्रपट' असा निबंध द्या. जी पोरं मधल्या सुट्टीत तात्या विंचूची नक्कल करून एकमेकांना घाबरवतात, ती कागदावर गंभीर होतात. हा चित्रपट संस्कारक्षम आहे, यातून आपल्याला बोध मिळतो, वगैरे. आवडता चित्रपट कुठला आणि आवडता म्हणून लिहायचा चित्रपट कुठला, हा भेद दहा-बारा वर्षांच्या मुलाला पक्का ठाऊक असतो. त्याला हे शिकवलं कोणी? आम्हीच. फळ्याकडे वळून रेघ ओढणाऱ्यांनी. पोरं ती रेघ बरोबर वाचतात. त्यांना कळतं, की बाईंना हसू आलं होतं, आणि बाईंनी ते लपवलं. त्यावरून ती शिकतात की आवड ही लपवायची गोष्ट असते. वर्षभरातला सगळ्यात नीट पोचलेला धडा हाच.

इथे वर्गातल्या विनोदाकडे वळू. वर्गात विनोद दोन दिशांनी वाहतो. एक खालून वर, बाकावरून फळ्याकडे. दुसरा वरून खाली.

खालून वर जाणाऱ्याचा उत्तम नमुना म्हणजे मिलिंद बोकिलांची 'शाळा'. आणीबाणीच्या काळातली नववीतली पोरं. त्यांच्या तोंडी बेंद्रेबाईंची 'बेंद्रीण' होते. बोकिलांनी ही भाषा धुऊनपुसून घेतली नाही, म्हणून ती खरी वाटते. ज्या काळात मोठी माणसं मोठ्यानं बोलायला घाबरत होती, त्या काळात मागच्या बाकावर टोपणनावं चालू होती. दुबळ्याकडे असणारं हे हत्यार आहे. 'उनरात' हेही तेच. नव्या शिक्षकाला आपलं टोपणनाव काय पडलंय याची धास्ती असते. आमचं सांगणं आहे, धास्ती बाळगू नका. नाव पडलं म्हणजे तुम्ही त्यांच्या जगात शिरलात. ज्याला नाव पडत नाही, त्याच्याकडे पोरांचं लक्षच नाही असं समजावं.

वरून खाली येणारा विनोद मात्र वेगळा. मास्तरचा टोमणा. 'दगड', 'ढ', 'म्हशी राखायला जा'. सगळा वर्ग हसतो, एक सोडून. आपण छडीबद्दल बरंच बोललो. शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमानं शारीरिक शिक्षेवर बंदी आणली, आणि त्याच ओळीत मानसिक छळावरही. छडी बरीचशी गेली. पण जिथे छडी होती तिथे कित्येकदा विनोद येऊन बसला. विनोदाचा वळ दिसत नाही, त्यामुळे तक्रार करता येत नाही. आणि त्यातले किती टोमणे मुलाच्या आडनावावर, बापाच्या धंद्यावर, बोलीवर, रंगावर असतात, ते ज्यांनी खाल्लेत त्यांना विचारा. कधी कधी तर विनोद एकट्या मास्तरचा नसतो, सबंध शाळेचाच असतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'दहावी फ'मध्ये तुकडीचं अक्षर हाच टोमणा आहे. त्या तुकडीतली पोरं संतापून शाळेत मोडतोड करतात, आणि अतुल कुलकर्णींनी केलेला शिक्षक त्यांना हाकलण्याऐवजी त्यांच्याबरोबर नुकसानभरपाईचा मार्ग शोधतो. तो मास्तर आदर्श आहे, पण पुतळा नाही. तो पोरांच्या बाजूला येऊन उभा राहतो, चौथऱ्यावर नाही.

याउलट पुलंचे चितळे मास्तर. 'व्यक्ती आणि वल्ली'तले. त्यांच्या वर्गात हशा पिकतो, पण वाचताना लक्षात येतं, की ज्याच्यावर विनोद झाला तोही हसणाऱ्यांत आहे. विनोद मुलाला वर्गाबाहेर काढत नाही, आत ओढतो. चितळे मास्तर आठवताना आपण त्यांच्या झिजलेल्या वहाणा आठवतो आणि हळवे होतो. ते ठीकच. पण नव्या शिक्षकानं त्या वहाणांपेक्षा तो हशा नीट पाहावा. तो कसा पिकवला आहे, तो कोणाला लागत नाही, आणि का लागत नाही.

आता रात्र झाली आहे. आपली शिक्षिका खोलीवर आली आहे. खिचडी हिच्याही घरी. (हशा) ती फोन उशीला टेकवते आणि 'बनवाबनवी' लावते. का?

नेहमीचं उत्तर, 'डोकं बाजूला ठेवून बघायचा सिनेमा' हे. आम्हाला हे उत्तर साफ चुकीचं वाटतं. प्रहसन डोकं बाजूला ठेवून बघताच येत नाही. 'बनवाबनवी'त कोणाला काय माहीत आहे याचा हिशेब प्रत्येक क्षणी डोक्यात ठेवावा लागतो. पार्वती पुरुष आहे हे कोणाला ठाऊक, कोणाला नाही, समोरचा आत्ता कुठलं खोटं खरं धरून चाललाय. हा हिशेब चुकला तर हसूच येणार नाही. धनंजय मान्यांचा पत्ता विचारत दारात माणूस येतो तेव्हा आपण हसतो, ते त्या साध्या प्रश्नाला नाही. त्या घरात त्या क्षणी किती खोटी एकावर एक रचली आहेत, हे आपल्याला माहीत असतं म्हणून हसतो. हिशेबाचं एवढं काम करून घेणारा सिनेमा बिनडोक कसा?

'नुसती करमणूक आहे, आयुष्याशी संबंध नाही' हे दुसरं उत्तर. हेही तपासून बघू. १९८८ चा हा सिनेमा, हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान'वरून सचिन पिळगावकरांनी केलेला. गोष्ट कशाची? खोलीची. धनंजय माने सरपोतदारांकडे भाड्यानं राहतो, मित्र येऊन चिकटतात, सगळे रस्त्यावर येतात. पुण्यात खोली मिळत नाही. लीलाबाई काळभोर खोली देतील, पण फक्त लग्न झालेल्यांना. म्हणून दोघं नवरे होतात आणि दोघं बायका. आता आपली शिक्षिका ज्या खोलीत बसून हे बघते आहे, ती तिला कशी मिळाली? एकटी बाई म्हणून किती घरांनी दार लावलं? किती ठिकाणी आधी आडनाव विचारलं आणि मग भाडं? 'कोणी भेटायला आलेलं चालणार नाही' हे किती ठिकाणी ऐकलं? तिचं आयुष्य विसरायला ती हा सिनेमा लावत नाही. तिचं आयुष्यच त्यात आहे, फक्त तिथे ते हसण्याजोगं झालं आहे.

आणि तो मघाचा शब्द आठवा. वेषांतर. लक्ष्मीकांत बेर्डेंचा परशुराम पार्वती होऊन वावरतो तेव्हा गंमत साडीत नसते. गंमत आवाजात असते. तो आवाज कधीही फाटेल आणि आतला माणूस बाहेर पडेल, ही भीती गंमत आणते. आपली शिक्षिका दिवसभर काय करते? अर्धी पट्टी खाली आणलेला आवाज फाटू नये म्हणून जपते. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच ती पार्वती आहे. म्हणून रात्री पार्वतीला बघून ती पोट धरून हसते. एवढं सोंग दुसरंही कोणी वागवतंय आणि तेही दमलंय, हे बघण्याचा तो आनंद आहे. या आनंदाला आम्ही हलका म्हणणार नाही. तो नेमका आहे.

म्हणजे आवड निर्दोष ठरली का? नाही. आणि इथेच आमचं दुसरं वाक्य येतं.

सिनेमाची बाजू घ्यायची म्हणून त्याचे दोष झाकायचे, हाही एक पुतळाच. 'बनवाबनवी'त फसवले जातात ते कोण? लीलाबाई, आणि त्या तरुण मुली. त्यांच्या विश्वासावर सगळा डोलारा उभा आहे. खोटं उघड झाल्यावर त्यांच्या वाट्याला रागवायला मिनिटं येतात, आणि मग माफी. लीलाबाईंच्या बाजूनं हा सिनेमा एकदाही बघितलेला नाही. आणि साडी नेसलेला पुरुष, त्याचं लाजणं, त्याचं गरोदरपणाचं सोंग, यावर आपण जे हसतो त्यातला काही भाग सोंग उघडं पडण्याच्या भीतीचा आहे, आणि काही भाग निव्वळ 'पुरुष असून बाईसारखा' याचा आहे. हे दोन भाग वेगळे आहेत. बघताना ते एकमेकांत मिसळून जातात. टीकेचं काम ते सोडवून दाखवणं.

हे बारकावे कशाला, असं कोणाला वाटेल. म्हणून परत वर्गात येऊ. तिच्या वर्गात एक मुलगा असू शकतो, ज्याला त्याच्या चालण्यावरून चिडवतात. त्याला 'पार्वती' हेच टोपणनाव पडलेलं असू शकतं. बाकावरचा विनोद नेहमीच खालून वर जात नाही, तो आडवाही जातो, आणि आडवा गेलेला विनोद सर्वांत खोल लागतो. शिक्षिकेला तो शब्द कळतो, कारण तिनं तो सिनेमा वीस वेळा बघितलाय. पण तिला तो कळला, हे दाखवता येत नाही, कारण मग सिनेमा बघितल्याचं कबूल करावं लागेल. म्हणून ती फळ्याकडे वळते आणि रेघ ओढते.

लाज इथे वाटायला हवी. सिनेमा बघितल्याची नाही, त्या रेघेची. आवड चोरटी ठेवल्यानं मास्तरची अब्रू राहते, पण त्या मुलाला वाली राहत नाही. जी बाई वर्गाला म्हणू शकते, 'मलाही तो सिनेमा फार आवडतो, आणि पार्वतीवर हसताना आपण दोन वेगळ्या गोष्टींवर हसतो, चला, त्या कुठल्या ते शोधू,' ती एका वाक्यात तीन कामं करते. चौथऱ्यावरून उतरते. सिनेमा नीट बघायला शिकवते. आणि त्या मुलाभोवतीचं हसू बाजूला करते. यातलं एकही काम बोध देणाऱ्या सिनेमाच्या आडून करता आलं नसतं. कारण वर्ग त्यावर हसतच नाही, तर हसणं तपासणार कसं?

यावर आमच्या क्षेत्रातली ज्येष्ठ मंडळी एक आक्षेप घेतील. असं केलं तर शिस्त जाईल, मास्तर मुलांचा दोस्त होईल, आणि दोस्ताचं कोणी ऐकत नाही. आक्षेप हलका नाही. नव्या शिक्षकाला आवाज जपावा लागतो, तो उगीच नाही. चाळीस मुलांपुढे एकटं उभं राहायला कसलं तरी चिलखत लागतं. आम्ही चिलखत उतरवा असं म्हणत नाही. वेष राहू दे. प्रत्येक धंद्याला वेष असतो. फक्त वेष म्हणजेच आपण, असं पिंजऱ्यातल्या गुरुजींसारखं समजू नये. त्यांनी वेष वाचवला आणि आतला माणूस घालवला. राजाराम सौंदणीकरनं वेष कसाबसा अंगावर ठेवला, पण आतला पोरगा जिवंत राहिला, म्हणून तर तो वाडी उठून गेल्यावरही आपल्याला तिची गोष्ट सांगू शकतो.

शेवटी एक कामाची गोष्ट सुचवतो, मग थांबतो. जे शिक्षक ऐकत असतील त्यांच्यासाठी. पुढच्या वेळी 'माझा आवडता चित्रपट' हा निबंध द्याल तेव्हा 'यातून मिळणारा बोध' हा मुद्दा फळ्यावरून काढून टाका. त्याजागी तीन प्रश्न लिहा. तुम्ही सगळ्यात मोठ्यानं कुठे हसलात? ते हसू कोणावर होतं? तो माणूस तुमच्या शेजारी बसून बघत असता, तर तोही हसला असता का? मार्क तिसऱ्या प्रश्नाला जास्त ठेवा. आणि मुलांच्या वह्या गोळा करण्याआधी स्वतःचा निबंध मोठ्यानं वाचून दाखवा. सिनेमा खरा सांगा.